पाइपाला लावलेला लेप

भुशाच्या कोठीचं दार आतल्या बाजूला उघडायचं. आतला ढीग घसरून दाराला येऊन बसला आणि दार हलेना. आत माझी सून होती.

दोन हमाल दाराला खांदे लावून रेटत होते. दार बोटभर सरकायचं आणि परत जागेवर यायचं. त्या बोटभर फटीतून भुसा बाहेर सांडत होता. अंगणात तर काहीच दिसत नव्हतं. कोठीत भुसा नेणारा पाइप दाराच्या वरच फुटला होता आणि पंखा सुरूच होता. कोठीत जायचा तो सगळा भुसा आता अंगणात उडत होता. शेजारी कोण उभं आहे ते खोकल्यावरून ओळखावं लागत होतं.

"पंखा बंद करा बे! पंखा!" मिस्त्री ओरडला. मग पंखा बंद करणं हे आपलंच काम आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पळाला.

पंखा थांबला. धूळ हळूहळू खाली बसली. सगळ्यांच्या भिवयांवर तुरीची टरफलं होती. माझी शेजारीण माझ्याबरोबरच मिलमध्ये कामाला यायची. दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं. ती दाराच्या फटीला कान लावून उभी होती.

"आवाज देऊन राह्यली का?" मी विचारलं.

"नाही."

तिला एका शब्दात उत्तर देताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी रडले नाही. माझ्या तोंडात भुसा होता.

हे कशामुळे झालं ते आधी सांगते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. त्यामुळे डोळ्यांनी जे पाहिलं आणि मिस्त्रीने जे समजावलं तेवढंच मला सांगता येईल. तेवढं पुरेसं आहे.

आमची डाळमिल लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मी तिथे झाडायला, निवडायला आणि भुशाची पोती भरायला होते. सून लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या वर्षापासून माझ्याबरोबर यायला लागली. मुलगा ट्रकवर असतो, तो महिन्यातून चार दिवस घरी. नात अंगणवाडीत. घरात खरं तर आम्ही दोघीच, आणि दोघींचं फार जमायचं असंही नाही. ती कमी बोलते. मला कमी बोलणारी माणसं आतून काहीतरी ठरवत असतात असं वाटतं. तिने तसं काही ठरवलेलं आजवर दिसलं नाही, पण वाटायचं ते वाटतंच.

मिलमध्ये येणारी तूर स्वच्छ नसते. आता सारवलेल्या खळ्यावर तूर कोण काढतो? मळणी यंत्र शेतातच उभं राहतं. कोणी डांबरी रस्त्यावर तूर पसरतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिच्यावरून जातात. माती, बारीक वाळू, खडीचा चुरा, सगळं पोत्यात येतं. मोठे खडे चाळणीवर राहतात. बारीक पुढे जातात. तुरीचं टरफल निघालं की त्याचा भुसा होतो. पंखा तो भुसा ओढून लोखंडी पाइपात फुंकतो. पाइप भिंतीने वर चढतो, कोठीच्या दारावर आला की वळतो आणि कोठीत शिरतो. त्या वळणाला मिस्त्री बेंड म्हणायचा. आम्ही बाया कोपर म्हणायचो, कारण ते दिसतं तसंच.

पाइप बाकी कुठे फारसा झिजत नाही. कोपराच्या पाठीवर झिजतो. असं का, ते मी एकदा मिस्त्रीला विचारलं होतं. तो शिडीवर होता, मी खाली झाडत होते.

"आजी, भुसा हलका असते," तो म्हणाला. "हवा वळली का भुसा वळते. खडा काही वळत नाही. थो सरळ जाऊन धडकते. रोज, दिवसभर."

"एवढासा खडा?"

"एवढासाच. पण किती येतात, ते मोजा ना."

"मंग जाड पत्रा लावा."

"जाड लावला तं दोन वर्षं जाते, पातळ लावला तं एक. जाते मात्र."

मला ते पटलं. आमच्या घरी जातं होतं तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी टाकी लावणारा यायचा, कारण दगड झिजून गुळगुळीत व्हायचा. तो झिजलेला दगड कुठे जायचा? पिठात. आम्ही तो भाकरीतून खाल्ला. इथे लोखंड झिजत होतं आणि ते गुरं खात होती, कारण भुसा गुरांनाच जायचा.

मिस्त्री दर शनिवारी शिडी लावून वर चढायचा आणि कोपराच्या पाठीवर लाकडी दांड्याने ठोकायचा. पत्रा जाड असेल तर ठण्ण वाजायचं. पातळ झाला की फुटक्या मडक्यासारखा आवाज यायचा. मग तो तिथे खडूने गोल काढायचा आणि वाट पाहायचा. एके दिवशी त्या गोलाच्या आत मोहरीएवढं भोक पडायचं आणि पाइप शिट्टी वाजवायला लागायचा. बारीक, सतत, कानात जाणारी शिट्टी. ती सुरू झाली की मिस्त्री तालुक्याहून वेल्डरला बोलवायचा. वेल्डर त्याच्या सवडीने यायचा. तोवर शिट्टी वाजत राहायची, आणि ती वाजते आहे तोवर कोणी विसरत नसे. ही आमच्या मिलची पद्धत होती. चांगली पद्धत होती. ती मी मोडली.

त्या वर्षी शिट्टी दसऱ्याच्या आठ दिवस आधी सुरू झाली. वेल्डर म्हणाला, दसरा होऊ द्या. मिस्त्री नवरात्रात त्याच्या गावी जातो, तिकडे धामणगाव बढ्याच्या बाजूला. तो गेला. शिट्टी आमच्यापाशी राहिली.

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. आधीचे दोन दिवस धुणं, पुसणं, रंग. मालकाने लाल रंगाचा एक डबा आणून दिला आणि म्हणाला, "समोरचं सगळं चकाचक करा. पाव्हणे येतात." आम्ही पंखा रंगवला, पाइप रंगवला, कोठीचं दार रंगवलं. पण कोपराच्या भोकातून भुसा उडायचा आणि ओल्या रंगावर बसायचा. शिवाय नारळ फोडल्यावर मुहूर्ताला पंखा सुरू करायचा असतो. आरती चालू असताना वर शिट्टी वाजणार, आणि झेंडूच्या हारावर धूळ उडणार. आदल्या वर्षी मालकाच्या आईच्या नव्या साडीवर ती उडाली होती, आणि ते आम्ही वर्षभर ऐकलं होतं.

माझ्या घरी लेप भिजत होता. सुपाच्या, टोपलीच्या फटी बुजवायला आम्ही रद्दी कागद चार दिवस भिजवतो, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालतो आणि चांगलं कुटतो. तो लगदा सुपाला थापला आणि वाळवला की लाकडासारखा होतो. माझं सूप बारा वर्षांचं आहे आणि त्यातून राजगिरासुद्धा गळत नाही. मला वाटलं, सुपाला चालतो तर पाइपाला का नाही चालणार? तसं वाटण्यात तेव्हा मला काही चूक दिसली नाही.

सकाळी डब्यात लेप घेऊन गेले. सुनेला शिडी धरायला लावली आणि वर चढले. भोकावर आधी गोणपाटाचा तुकडा, त्यावर अंगठ्याने दाबून दाबून लेप, कडेने पातळ, मध्ये जाड. शेजारीण खाली उभी राहून हसत होती.

"मावशी, एखादी गवरीपण थापून द्या तिथी."

"तू चूप राह्य व."

"नाही, मी म्हणतो, उद्या पाइपाले पोर झालं तं न्हाऊ घालाले तुम्हीच."

सून हसली नाही. ती शिडी धरून वर बघत होती. "आत्याबाई, मिस्त्री आला का त्याले सांगा बरं," ती म्हणाली.

"सांगतो न."

दुसऱ्या दिवशी लेप वाळला. त्यावर लाल रंग मारला. हात फिरवला तर कुठे काय आहे ते कळत नव्हतं. रंग मात्र तिथेच संपला. कोठीची मागची बाजू तशीच राहिली. मागे कोणी पूजेला जात नाही, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

पूजा झाली. कोपरावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, हार घातला. पंखा सुरू केला. शिट्टी नाही. मालक वर बघून म्हणाला, "वा, आवाज गेला." का गेला ते त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. विचारलं तर सांगू, असं मी मनात ठरवलं होतं. मला थोडा अभिमानही वाटत होता, खरं आहे ते लिहिते.

मिस्त्री दसऱ्यानंतर तीन दिवसांनी आला. त्याचा एक नेम होता. पूजेचं कुंकू जिथे लावलं आहे, तिथे तो दिवाळीपर्यंत दांडा लावायचा नाही. त्याने खालूनच पाहिलं. कोपर लाल, वर कुंकू, शिट्टी बंद. वेल्डर येऊन गेला, असं तो समजला. मालक समजला की मिस्त्रीने जाण्याआधी काम करून घेतलं. वेल्डर समजला की फोन नाही म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतलं. आणि मी समजले की काम झालं. चार माणसं वेगवेगळं समजून बसली होती. सुनेने घरी मला दोनदा विचारलं, "मिस्त्रीले सांगितलं का?" पहिल्यांदा मी म्हटलं, राहून गेलं. दुसऱ्यांदा म्हटलं, तुला काय पडलं आहे?

लेप बाहेरून होता. खडे आतून आदळत होते. लेपाच्या आजूबाजूचा पत्रा रोज पातळ होत होता आणि आता शिट्टी वाजवून सांगायला भोक उघडं नव्हतं.

आता कोठीच्या मागच्या भिंतीचं सांगते, कारण पुढे ती लागणार आहे.

कोठी पत्र्याची. आत शिरलेल्या पाइपाचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं, जरा खाली झुकलेलं. भुसा भिंतीच्या अलीकडे पडायचा आणि मधोमध ढीग व्हायचा. जे खडे कोपरात वळायचे नाहीत ते तिथे आदळून पुढे जायचे आणि मग भिंतीवर आदळायचे. दुपारी आम्ही भाकर खायला त्या भिंतीच्या मागे, बाहेरच्या बाजूला बसायचो. सावली तिथेच होती. भिंतीला पाठ टेकवली की पत्र्यावर बाजरी ओतल्यासारखा आवाज पाठीला कळायचा. पहिल्या वर्षी नुसता आवाज. नंतर पत्रा थरथरायला लागला. नंतर पाठीने दाबलं तर आत जायला लागला. आम्ही पोती भरायला कोठीत जायचो तेव्हा त्या जागी अंधारात उजेडाचे ठिपके दिसायचे.

"पाह्य व, आपल्या कोठीत चाळणी बसवली मालकानं," शेजारीण म्हणायची.

सून मला म्हणायची, "आत्याबाई, तिथी टेकू नका. पदरात माती येते." मी तिथेच टेकायची. माझी जागा होती.

मालकाला ती भिंत सांगायची राहिली होती. ते आता बरं झालं असं मला म्हणायचं नाही. पण सांगितली असती तर त्याने नवा जाड पत्रा ठोकला असता, आणि मग मला हे असं लिहिता आलं नसतं.

दिवाळीला आठवडा होता. ढेप-भुसा विकणाऱ्याचा टेम्पो दुपारी यायचा होता आणि वीस-पंचवीस पोती भरायची होती. कोठीत जायची पाळी माझी होती. सकाळपासून माझे गुडघे धरले होते, पण मी बोलले नव्हते. सुनेने तिचा पिवळा रुमाल पाण्यात बुडवून पिळला, नाकातोंडावर दोन वेढे घेऊन मागे गाठ मारली आणि रिकामी पोती उचलली.

"पाळी माही हाये," मी म्हटलं.

"तुमाले बसता येऊन राह्यलं का? मी जातो."

"आणि तोंडाले काऊन बांधलं? लगीन हाये का कोठीत? भुशानं कोणी मरते का?"

तिने रुमाल सोडला नाही.

कोठीत माणूस गेलं की पंखा बंद करायचा, असा नियम होता. तो दारावर लिहिलेला होता. मी चौथी शिकलेली, मला तो वाचता येत होता. पण पंखा बंद केला की मागे यंत्रात भुसा तुंबतो आणि तासभर काम अडतं. म्हणून कोणी बंद करत नसे. आत जाणारीने ओरडायचं आणि मिस्त्रीने उत्तर द्यायचं, एवढंच.

"मी आत गेली हो!" सून ओरडली.

"हाव!" मिस्त्री म्हणाला.

पोती भरायची जागा मागच्या भिंतीला लागून होती. तिथे ढीग उतरता यायचा आणि फावड्याने ओढायला सोपा. ती तिकडे गेली. मी अंगणात चाळणीपाशी बसले.

आवाज मोठा झाला नाही. जुनं लुगडं फाटावं तसा झाला. कोपराची पाठ उडाली आणि भाकरीएवढा लोखंडाचा तुकडा माझ्या पुढ्यात येऊन पडला. त्याच्या कडा कागदासारख्या पातळ होत्या. त्यावर लाल रंग होता, कुंकू होतं, आणि मधोमध माझा लेप जसाच्या तसा होता. मी तो ओळखला. मग भुसा आला आणि काही दिसेनासं झालं.

कोठीतला पाइपाचा भाग नुसत्या कोपराच्या आधारावर होता, हे तेव्हा कळलं. कोपर गेलं तसा तो आत पडला, दोन माणसांएवढा लांब, थेट ढिगावर. ढीग छपराला टेकेल एवढा झाला होता. तो दोन्हीकडे घसरला. एकीकडे दार, दुसरीकडे सून.

तर पंखा थांबला होता, दार हलत नव्हतं आणि आतून आवाज येत नव्हता, इथवर मी आधी सांगितलं आहे.

एक हमाल शिडी लावून वर चढला आणि पाइप निघून जे भोक पडलं होतं त्यातून आत डोकावला. घागर जाईल एवढं भोक. माणूस जाण्यासारखं नाही.

"काय दिसते?" मालकाने खालून विचारलं. तो ऑफिसातून अनवाणी पळत आला होता.

"भुसा."

"अबे भुसा तं असनच! थे दिसते का?"

"थांबा." मग थोड्या वेळाने, "मांगच्या भितीकडं काही तरी पिवळं हाये. कपडा हाये. हलून नाही राह्यला."

मिस्त्री म्हणाला, "दाराच्या बिजागऱ्या कापतो. ग्राइंडर आणा."

"ठिणगी पडली तं सगळं पेटीन!" मालक ओरडला. "एवढी धूळ हाये, दिसत नाही का?"

"मंग सब्बल आणा, दार उचकटतो."

"सब्बल शेतात नेली ना तुम्हीच!"

ते भांडायला लागले. चुकीचं कोणीच बोलत नव्हतं. मी तिथून निघाले आणि कोठीला वळसा घालून मागे गेले. गुडघे तेव्हा दुखत होते की नाही, आठवत नाही.

"मावशी, तिकडं कुठी? दार इकडं हाये!" शेजारीण मागून आली.

"दार राहू दे."

आमच्या जेवायच्या जागेवर दुपारची सावली पडली होती. मी भिंतीवर तळहात फिरवला. मग बोटाच्या पेरांनी ठोकत गेले, मडकं घेताना ठोकतात तसं. इथे घट्ट. इथे घट्ट. इथे फुसका. माझी पाठ जिथे टेकायची बरोबर तिथे. भोकांतून भुशाचं पीठ गळत होतं.

शेजारच्या पोत्यात हमालाचा हूक अडकवलेला होता. पोती ओढायचा लोखंडी हूक, मुठीत धरायचा. तो काढला, एका भोकात घातला आणि ओढला. पत्रा पापडासारखा फाटला. हातभर चिरला आणि अडला. शेजारणीने मला कमरेला धरलं आणि दोघी मिळून मागे पडलो तसा आणखी हातभर चिरला. कड माझ्या तळहातात घुसली, ते रक्त दिसल्यावर कळलं. दुसऱ्या भोकात हूक घातला, आडवा ओढला. पत्र्याचं एक पान वाकलं आणि फाटक्या पोत्यातून सांडावा तसा भुसा आमच्या पायांवर आला.

आम्ही तो हातांनी उपसला. शेजारीण जमिनीवर पालथी पडली आणि भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"पाय! पाय सापडला!"

"कोणाचा?"

"माह्या सवतीचा! कोणाचा म्हणजे? ओढा!"

तोवर हमाल आले होते. त्यांनी पत्रा आणखी फाकवला. सून पायांकडून बाहेर आली, बाळंतपणात उलटं मूल येतं तशी. तोंडावर पिवळा रुमाल तसाच घट्ट होता. वरचा थर भुशाने लिंपल्यासारखा. मी गाठ सोडायला गेले, सुटेना, म्हणून खाली ओढला. आतला वेढा अजून ओला होता. नाक भरलं होतं. तोंडात मी बोट घालून फिरवलं, थोडा भुसा निघाला, फार नाही. तिला कुशीवर केलं आणि पाठीत मारलं. एकदा. दोनदा. शेजारीण म्हणाली, "जोरात मारा, सासू आहात ना." मी जोरात मारलं.

ती खोकली. मग बराच वेळ खोकतच राहिली. डोळे उघडले नाहीत, पण माझा हात झटकून टाकला.

आत किती वेळ होती ते कोणी घड्याळात पाहिलं नव्हतं. शेजारीण अर्धा तास सांगते. मिस्त्री पाच मिनिटं सांगतो.

भुसा न्यायला आलेल्या टेम्पोतच तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, फोटो काढला आणि म्हणाले, छातीत धूळ गेली आहे, दोन दिवस जाऊ द्या, मग सांगतो. लोणारहून तिची आई आली. खाटेच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही दोन दिवस बसलो. तिची छाती वर-खाली होते की नाही ते दोघी पाहत होतो आणि एकमेकींकडे पाहत नव्हतो. नात शेजारणीकडे होती. मुलगा ट्रक घेऊन गुजरातेत होता, तो निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मालक आणि मिस्त्री आले. व्हरांड्यात उभे राहून मालक मिस्त्रीवर संतापला होता.

"त्या वेल्डरले उभा करतो मी. काय जोडलं त्यानं? थुंकीनं जोडलं का?"

"त्याले फोन केला मी, मालक. थो म्हणते, मी आलोच नाही."

"मंग शिट्टी बंद कशी झाली?"

मी उठून बाहेर गेले. तो तुकडा मी पिशवीत घालून आणला होता. का आणला ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तो मी मालकाच्या हातात दिला.

"लेप मी लावला," मी म्हटलं. "कागदाचा न् मेथीचा. पूजेच्या आधी."

मालकाने तुकडा उलटासुलटा करून पाहिला. नखाने लेप खरवडून पाहिला. निघाला नाही.

"आजी, पाइपाले लेप कोणी लावते का?"

"सुपाले लावते."

"थे सूप हाये, हा पाइप हाये!"

"आता समजलं."

"मले सांगाचं ना, आजी," मिस्त्री म्हणाला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही. "मी दांडा नाही लावला. कुंकू होतं म्हणून. एक दांडा लावला असता तं कळलं असतं."

मग ते दोघे बाकावर बसले आणि मी उभी राहिले. कँटीनवाल्याने चहा आणून दिला, तो आम्ही प्यालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. सुनेचा आवाज बसला होता. तिने पाणी मागितलं, प्याली, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मिस्त्रीले सांगितलं का?"

"काल सांगितलं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिची आई आम्हा दोघींकडे बघत राहिली. तिला काही कळलं नाही आणि आम्ही समजावलं नाही. थोड्या वेळाने मी तिला कोपराचा तुकडा लेपासकट उडाला ते सांगितलं. सून म्हणाली, तो तुकडा कुठे आहे? मी म्हटलं, मालकाकडे. तिने विचारलं, लेप निघाला का? मी म्हटलं, नाही निघाला.

"लोखंड गेलं न् लेप राह्यला," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण खोकला आला.

मी तिला त्या सकाळी रुमालावरून बोलले होते, त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. दवाखान्याच्या नळावर मी तो रुमाल तीनदा धुतला, वाळवला आणि घडी करून तिच्या उशाशी ठेवला. तिने तो पाहिला. तेवढंच.

मिलमध्ये आता कोठीचं दार बाहेर उघडतं. आतल्या पाइपाला स्वतःचे दोन आधार आहेत. मागच्या भिंतीला नवा पत्रा ठोकला आहे, आणि पाठ टेकवली तर काही कळत नाही, म्हणून आम्ही जेवायला दुसरीकडे बसतो. मालकाने मला काढलं नाही. मिस्त्री दर शनिवारी वर चढून ठोकतो, आणि मला खाली उभं करून विचारतो, "कसं वाजलं, आजी?" मी सांगते. माझे कान अजून बरे आहेत. दसऱ्याला कुंकू आता कोपराला लावत नाहीत, खाली पंख्याला लावतात. शिट्टी वाजली तर आरतीतही वाजू देतात.

सून कोठीत जात नाही. मीही जात नाही. थंडीत ती खोकते, आणि खोकली की मी जागी होते.

त्या दिवशी पाळी माझी होती, आणि मी तोंडाला रुमाल बांधला नसता. ती वाचली.